फायरप्लेस बघून घर ठरवू नका, ताई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सप्टेंबरात तुम्ही, यजमान आणि सहा वर्षांचा मुलगा असे तिघं आयर्लंडच्या मेयो परगण्यात येताय. नर्सिंगची नोकरी पक्की झाली आहे आणि आता दोन घरांमध्ये मन अडकलंय. एक गावाबाहेरचं जुनं दगडी घर, फोटोत बैठकीच्या खोलीत टर्फ नावाच्या जळणाची आग पेटलेली, शेजारी आरामखुर्ची. दुसरं गावातल्या वसाहतीतलं, तुमच्याच शब्दांत “डब्यासारखं”. तुम्ही विचारलंय की ती आग खरंच एवढी ऊबदार असते का, तिच्यावर घर तापतं का, टर्फ मिळतं कुठे आणि मुलाला दमा आहे तर चालेल का.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. मुलाला दमा असेल तर उघडी फायरप्लेस हाच मुख्य आधार असलेलं घर घेऊ नका. डब्यासारखं घर घ्या. इथल्या गावांमध्ये हिवाळ्यात हवेतले बारीक कण वाढतात ते मुख्यतः घराघरांतून जळणाऱ्या टर्फ, कोळसा आणि लाकडामुळे. इथली पर्यावरण संस्था दरवर्षी हेच सांगते. वाऱ्याची दिशा बदलली की धुराड्यातून धूर उलटा खोलीत येतो, आणि अटलांटिकच्या काठावर वारा तर सारखाच दिशा बदलतो.

आता बाकीचं सविस्तर लिहिते, कारण मीही 2012 च्या ऑक्टोबरमध्ये वाईहून येऊन नेमकं तसलंच घर घेतलं होतं आणि त्या आगीवर माझा अजूनही जीव आहे.

टर्फ म्हटलं की आपल्याकडे पोरं तासावर भाड्याने घेतात ते क्रिकेटचं हिरवं मैदान आठवतं. इथे टर्फ म्हणजे जळण. हजारो वर्षं दलदलीत शेवाळ, गवत, झुडपं कुजत, पण पाण्यामुळे पुरती न कुजता साठत गेली, त्याचा काळा-तपकिरी थर. त्या दलदलीला इथे बॉग म्हणतात. बॉग वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढते. म्हणजे आपल्या हातातली दहा सेंटीमीटर जाडीची वीट चुलीत टाकली, की जवळजवळ शंभर वर्षं टाकली. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातली वीट मी बराच वेळ नुसती धरून बसले होते. वाळलेली वीट वजनाला अगदी हलकी असते, तिच्यात गवताच्या काड्या आणि मुळांचे तंतू अजून दिसतात. आपल्या गोवरीची आठवण येते, पण वास निराळा. ओल्या मातीचा, थोडा गोडसर, थोडा धुरकट. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला डोळे मिटून तो वास दिला तर त्याला आपलं लहानपण आठवेल.

माझा पहिला हिवाळा मात्र वाईट गेला. घरमालकाने धुराडं किती वर्षांत साफ करून घेतलं नव्हतं देव जाणे. रस्त्यावर ट्रेलर लावून उभ्या असलेल्या एका माणसाकडून आम्ही टर्फ घेतलं. बाहेरून कोरडं, मोडलं तर आत ओलं. ते पेटेना. पेटलं तर फक्त धुमसे. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागत, मग खिडकी उघडायची, मग जी काही ऊब असेल ती बाहेर. इथली थंडी आकड्यांत मोठी नसते, हिवाळ्यात दिवसा सात-आठ अंश. पण ती ओली असते. कपड्यांत, गादीत, भिंतीत शिरते. डिसेंबरात सकाळी पावणेनऊशिवाय सूर्य दिसत नाही आणि संध्याकाळी साडेचारच्या आत मावळतो. आम्ही आगीसमोर बसायचो तेव्हा गुडघे भाजायचे आणि पाठ गार असायची. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात जानेवारीपर्यंत काळी बुरशी आली.

यामागचं कारण साधं आहे. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक उष्णता धुराड्यातून वर निघून जाते, आणि जाताना खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. तीच आग काचेचं दार असलेल्या लोखंडी बंद स्टोव्हमध्ये पेटवली तर बरीचशी उष्णता खोलीत राहते. जुन्या घरांत आणखी एक सोय असते, बॅक बॉयलर. आगीच्या मागे पाण्याची टाकी, तिथलं गरम पाणी नळ्यांतून रेडिएटरला आणि न्हाणीघरात. आपल्या बंबाचं मोठं भावंड म्हणा. तरीसुद्धा ग्रामीण भागातली बहुतेक घरं आज तापतात ती रॉकेलच्या बॉयलरवर. घराबाहेर हिरवी प्लास्टिकची टाकी दिसेल, त्यात ते भरून घ्यायचं. म्हणून घर बघताना आग बघू नका. जाहिरातीत बीईआर असा शब्द आणि ए पासून जी पर्यंत एक अक्षर असतं, ते बघा. घर किती ऊर्जा खातं त्याचा तो दाखला, आणि तो जाहिरातीत देणं बंधनकारक आहे. जी म्हणजे तुम्ही ढगाला तापवणार. बी किंवा सी मिळालं तर डोळे झाकून पुढे जा. भाड्याच्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आपल्याकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तोच वायू. रंग नाही, वास नाही.

टर्फ मिळतं कुठे, यावर कायदा काय म्हणतो तेही ऐका. 31 ऑक्टोबर 2022 पासून दुकानात, इंटरनेटवर किंवा जाहिरात देऊन टर्फ विकायला बंदी आहे. धुराच्या कोळशावरही त्याच दिवसापासून देशभर बंदी आली, डब्लिनमध्ये तर ती 1990 पासूनच होती. मात्र ज्यांच्याकडे बॉगवर टर्फ कापायचा पिढीजात हक्क आहे त्यांनी ते कापावं, जाळावं, शेजाऱ्याला द्यावं, याला मनाई नाही. तेव्हा खूप वाद झाला होता. मेयो, गॉलवे, रॉसकॉमनमधल्या म्हाताऱ्या लोकांना वाटलं की डब्लिनवाले आपली चूल विझवायला निघालेत. तुम्ही भाडेकरू, तुमच्याकडे असा हक्क असणार नाही. म्हणजे तुम्हाला टर्फ मिळालं तर ते ओळखीतून, कुणाच्या तरी मायेतून मिळेल. पेट्रोल पंपावर लाकडाच्या भुशाच्या ब्रिकेटचे गठ्ठे मिळतात, स्टोव्हला ते चांगले.

बंदीमागचं कारणही खरं आहे. बॉग म्हणजे जमिनीत साठवलेला कार्बन. ती खणली, निचरा केला, जाळली की तो हवेत जातो. 1946 साली बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी उभी राहिली ती यंत्रांनी टर्फ काढून देशाला वीज आणि जळण द्यायला. देशाच्या मध्यभागातल्या ऑफली, वेस्टमीथकडच्या कित्येक पिढ्यांचं पोट तिच्यावर चाललं. 2021 च्या जानेवारीत तिने टर्फ काढणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं आणि आता तीच कंपनी त्या काळ्या उघड्या बॉग पुन्हा पाण्याखाली घालून शेवाळ परत आणायचं काम करते आहे. मला दोन्ही गोष्टी पटतात. आपल्या घरात दम्याचं पोर असलं म्हणजे धुराचा हिशेब निराळाच होतो. आणि ज्या बाईने सत्तर वर्षं त्याच विस्तवावर चहा केला तिला “हे चूक आहे” असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

त्या बाई म्हणजे आमच्या शेजारच्या आजी. त्यांनीच मला ती आग शिकवली.

फेब्रुवारीत एकदा आमच्या धुराड्यातून पिवळट धूर निघताना त्यांनी पाहिला आणि हातात बादली घेऊन सरळ दारात आल्या. बादलीत त्यांच्या शेडमधलं टर्फ. मी घेतलेली एक वीट आणि त्यांची एक वीट घेऊन त्यांनी दोन्ही एकमेकींवर वाजवून दाखवल्या. कोरडं टर्फ खणखणीत वाजतं, ओलं नुसतं भद् करतं. मग शेगडीतली सगळी राख उपसली नाही, बोटभर थर ठेवला. मध्ये काटक्या आणि मेणाचा तुकडा, आणि भोवती चार-पाच विटा उभ्या, डोकी एकमेकींना टेकवून, हवेला वाट ठेवून. आडव्या रचल्या की गुदमरतात, त्या म्हणाल्या. वरच्या थरातलं तपकिरी टर्फ पेटवायला, ते भरभर जळतं. खालच्या थरातलं काळं, जड टर्फ मागाहून घालायचं, ते तासन्‌तास निखारा धरतं. लाकडासारखा तडतडाट नाही, ठिणग्या नाहीत. ज्वाळा बुटकी, नारिंगी, आणि थोड्या वेळाने ज्वाळाही जाते, विटा आतूनच लाल होतात. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत धूर अजिबात आला नाही. म्हणजे धुराड्याइतकाच दोष त्या टर्फचाही होता. पुढच्या आठवड्यात धुराडं साफ करणाऱ्यालाही बोलावलं, त्याने दोन पोती काजळी काढली.

तुम्ही विचारता तो ऊबदारपणा इथून सुरू होतो. मला तो नीट कळला त्याच वर्षी जूनमध्ये, बॉगवर.

टर्फ एप्रिल-मेमध्ये कापतात. पूर्वी स्लॉन नावाच्या, एका बाजूला पातं असलेल्या कुदळीने कापायचे. आता ट्रॅक्टरमागचं यंत्र चिखलाच्या लांबलचक वड्या जमिनीवर घालत जातं. ताज्या टर्फमध्ये दहात नऊ भाग पाणीच असतं. वरची साल जरा वाळली की ते उलटायचं, आणि मग फूटिंग. म्हणजे वाकून चार-पाच विटा उचलायच्या, एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वर एक आडवी. परत पुढच्या चार. एवढंच. पण हे दिवसभर. आजींच्या मुलाने विचारलं, शनिवारी येता का, आणि आम्ही दोघं गेलो. दुपारपर्यंत माझी कंबर सरळ होईना. वारा पडला की मिज नावाची चिलटं थव्याने येतात, केसांत, कानांत. पण दूरपर्यंत फक्त तपकिरी-जांभळी जमीन, पांढरी कापसासारखी गवताची बोंडं हलताहेत, वर चंडोल गातोय, आणि अकरा माणसं एका ओळीत वाकलेली. त्यातली तिघं आजींच्या नात्यातलीही नव्हती. त्यांचं टर्फ आम्ही पुढच्या शनिवारी उभं केलं. मला आमच्याकडची भातलावणी आठवली, आज तुमच्यात, उद्या आमच्यात. थर्मासमधला दूध घातलेला चहा आणि लोणी लावून हॅम घातलेले ब्रेडचे जाड तुकडे. माझ्यासाठी त्यांनी न सांगता चीजचे वेगळे आणले होते.

ऑगस्टच्या शेवटी ट्रॅक्टरने टर्फ घरी आलं, आणि आजींच्या मुलाने एक खेप आमच्या अंगणात रिकामी केली. पैसे विचारले तर रागावला. त्या हिवाळ्यात आमच्या शेगडीत जळलं ते प्रत्येक टर्फ मी स्वतः उचललेलं होतं असं नाही, पण जळताना ते कुणाच्या हातचं असेल असा विचार येई. खोलीचं तापमान मागच्या वर्षीपेक्षा फारसं वाढलं नसेल. पण त्या वर्षी मला थंडी वाजली नाही.

आजींचं माहेर टूरमकेडीकडचं, जिथे अजून आयरिश बोलतात. एक म्हण त्या नेहमी म्हणतात: “नील एन तिन्तॉन मार दो हिन्तॉन फेन.” आपल्या चुलीसारखी चूल दुसरी नाही. त्यांच्या लहानपणी घरातली आग कधीच विझू देत नसत. रात्री निखारे गोळा करून राखेने झाकायचे, संत ब्रिजिड आणि मरीया मातेचं नाव घेऊन पुटपुटत, आणि सकाळी राख बाजूला केली की आत लाल विस्तव तयार. मी त्यांना सांगितलं की आमची आजीही चुलीतला विस्तव राखेखाली झाकायची, आणि विझलाच तर शेजारणीकडून पळीभर मागून आणायची. त्या एवढ्या खूश झाल्या की फोन करून मुलीला सांगितलं. सोडा ब्रेडचं पीठही ताकात भिजवतात इथे. पूर्वी तो बिडाच्या भांड्यात घालून झाकणावर टर्फचे निखारे ठेवून भाजत. खालून-वरून विस्तव ठेवून आमच्याकडेही केक आणि नानकटाई व्हायची, हेही त्यांना सांगून झालं.

आता आमचं स्वतःचं घर आहे, बंद स्टोव्ह आहे, भिंतींत इन्सुलेशन आहे. स्टोव्ह थंडीत कधीतरी पेटवतो. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुम्हीही पश्चिमेलाच येताय. 24 जानेवारी 2025 ला एओविन वादळ आलं. गॉलवेतल्या मेस हेडला ताशी 180 किलोमीटरहून जास्त वेगाचा वाऱ्याचा झोत मोजला गेला, देशातला आजवरचा विक्रम. 7,68,000 घरं आणि दुकानांची वीज गेली. आमच्याकडे ती नऊ दिवसांनी आली. तेलाच्या बॉयलरलाही वीज लागते, विहिरीच्या पंपालाही. जवळच एका तरुण जोडप्याचं नवंकोरं घर आहे, धुराडंच नाही, सगळं विजेवर चालणाऱ्या हीट पंपावर. दुसऱ्या दिवशी त्यांचं तान्हं बाळ कुडकुडायला लागलं. आमच्या स्टोव्हवर एक खोली तापत होती, पण त्यावर अन्न शिजत नाही. तेव्हा सगळे आजींकडे. त्यांच्या स्वयंपाकघरात अजून उघडी चूल आहे, वर भांडं टांगायचा जुना लोखंडी आकडा आहे. त्यावर मी आठ माणसांची मूगडाळीची खिचडी केली. बाळाला त्यांनी चुलीपासून दूर, पण भिंतीच्या उबेला निजवलं. बाहेर मिट्ट काळोख, फोन बंद, आणि आत कुणी गेल्या पिढीतल्या नातलगांच्या गोष्टी सांगतंय, कोण बोस्टनला गेलं, कोण लिव्हरपूलला, कुणाचं पत्र कधीच आलं नाही. मेयोतून माणसं दीडशे वर्षं बाहेरच जात राहिली आहेत. परदेशी गेलेल्याच्या घरी काय होतं हे त्यांना सांगावं लागत नाही. निघताना आजींनी राखेचा थर ओढला, ओठ हलले, आणि मला म्हणाल्या, सकाळी लवकर ये, केटली ठेवते.

म्हणून घर वसाहतीतलं घ्या आणि विस्तवापाशी बसायला माणसं जोडा. आल्या आल्या शेजारच्या दारावर टकटक करा, हातात काहीतरी गोड घेऊन. बेसनाचे लाडू इथे फार आवडतात. चुलीपाशी बसायचं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. मुलाला मात्र धुरात बसवू नका, तुम्ही दोघं आळीपाळीने जा. जूनमध्ये कुणी बॉगवर बोलावलं तर जुने कपडे, गमबूट, आणि लांब बाह्यांचा शर्ट. मुलाला उघड्यावर तिथे धुराचा त्रास नाही, उलट बेडूक आणि फुलपाखरं बघून तो रमेल. एखाद्या रविवारी त्याला बॅलीकॅसलजवळच्या केडी फील्ड्सला घेऊन जा. तिथे 1930 च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड नावाच्या शाळामास्तरांना टर्फ कापताना खोलवर दगडांच्या रांगा लागल्या. पुढे त्यांच्या मुलाने, शेमस कॉलफील्ड यांनी, त्या शोधून काढल्या. पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध, बॉगने जसेच्या तसे जपून ठेवलेले.

येताना मुलाच्या इन्हेलरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणा, कंपनीचं नाव इथे चालणार नाही. जाड स्वेटर तिथून आणू नका, सामानात जागा जाते आणि इथल्या ओलीला ते पुरत नाहीत. आतले थर्मल आणि पावसाचं जाकीट इथेच घ्या. आणि वसाहतीतल्या घराचं बीईआर अक्षर, तसंच बॉयलर कधी सर्व्हिस केला हे एजंटला आजच विचारून मला कळवा. घर रस्त्यात असेल तर मी शनिवारी जाऊन भिंतींना हात लावून बघून येते.